साध्या प्लास्टिक कॅमेऱ्यातून पॅनोरमा: रोल भरण्यापासून प्रिंटपर्यंत

कॅमेऱ्याचं मागचं दार उघडा. ज्या चौकटीतून प्रकाश फिल्मवर पडतो तिच्या वर आणि खाली काळ्या प्लास्टिकची एकेक पट्टी दिसेल. साध्या प्लास्टिक कॅमेऱ्यातला पॅनोरमा या दोन पट्ट्यांनीच घडतो. ३५ मि.मी. फिल्मची नेहमीची फ्रेम २४ × ३६ मि.मी. असते. पट्ट्या वरून आणि खालून साडेपाच-साडेपाच मि.मी. झाकतात आणि मध्ये साधारण १३ × ३६ मि.मी.ची लांबट फट उरते. म्हणजे दृश्य रुंद होत नाही, त्याची उंची कमी होते. त्या फटीतला फोटो १० इंच लांब छापला की डोळ्यांना तो रुंद वाटतो.

कोडॅकचा ‘स्ट्रेच ३५’ हा एकदाच वापरायचा पॅनोरमा कॅमेरा १९८९ मध्ये आला आणि त्यानंतरच्या दशकात असे कॅमेरे ढिगाने निघाले. ॲन्स्को पिक्स पॅनोरमा आणि विविटार आयसी १०१ ही त्यातली आजही हाती लागणारी नावं. हॅसलब्लाडचा एक्सपॅन (१९९८) फिल्मवर खरोखरच २४ × ६५ मि.मी.ची फ्रेम घेतो. त्याच्याशी या कॅमेऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. पण पट्टी लावलेल्या फ्रेमला खोटा पॅनोरमा म्हणून हिणवणंही बरोबर नाही. फोटो काढतानाच उंची कमी मिळाली की माणूस दृश्याची मांडणी वेगळ्या नजरेनं करतो, आणि ते फोटोत दिसतं.

घेताना काय बघायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा ऑनलाइन असे कॅमेरे मिळतात. पुष्कळ जण दुकानात बटण दाबून बघतात, काहीच होत नाही म्हणून कॅमेरा बिघडलेला समजतात आणि परत ठेवतात. हा गैरसमज आहे. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर चढवण्याचं काम फिल्मच करते. फिल्मच्या कडेची भोकं एका दातेरी चाकात अडकतात, फिल्म पुढे सरकली की चाक फिरतं आणि शटरची स्प्रिंग ताणली जाते. आत फिल्म नसेल तर चाक फिरत नाही, म्हणून शटरही उडत नाही.

तपासायचं असं: दार उघडा, फ्रेमच्या उजव्या बाजूचं दातेरी चाक अंगठ्यानं फिल्म जायच्या दिशेला हळूहळू फिरवा. एका जागी ते अडेल. आता लेन्स उजेडाकडे धरून मागून बघत बटण दाबा. क्षणभर प्रकाशाचा ठिपका चमकला तर शटर ठीक आहे. हेच दहा-बारा वेळा करा. एखाद्या वेळी ठिपका दिसला नाही किंवा तो रेंगाळला, तर पातं चिकटतंय. तो कॅमेरा घेऊ नका. आत घुसून दुरुस्ती करायला तो बनवलेलाच नाही.

साधा फोटो आणि पॅनोरमा यांची अदलाबदल करणारी कळ असेल तर ती सरकवून दोन्ही पट्ट्या पूर्ण खाली-वर होतात का ते मागून बघा. एकच पट्टी अर्ध्यात अडकलेली असणं हा या कळीचा नेहमीचा आजार. फ्लॅश असेल तर सेलची खोली उघडून हिरवट-पांढरी पूड आहे का पाहा. दाराच्या सांध्यात मात्र फोम शोधू नका. महागड्या जुन्या कॅमेऱ्यांत तो कुजून चिकट होतो. इथे खाचेत खाच बसवून प्रकाश अडवलेला असतो, त्यामुळे कुजायला काही नसतंच.

एपीएस जातीच्या कॅमेऱ्यावरही ‘पी’ म्हणजे पॅनोरमाचं चिन्ह असतं. त्याची फिल्म वेगळी, ती २०११ नंतर बनत नाही. तो स्वस्त मिळाला तरी सोडून द्या.

तीन आकडे, जे बदलता येत नाहीत

लेन्स साधारण २८ मि.मी. (म्हणजे रुंद दृश्य घेणारी), ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान), शटर १/१०० ते १/१२५ सेकंद. बहुतेक मॉडेल या चौकटीत बसतात. फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो. २८ मि.मी.ला एफ/११ धरलं तर साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ/८ असेल तर दीड-पावणेदोन मीटरपासून. त्याच्या अलीकडचा चेहरा धूसरच येणार.

कॅमेरा उजेड मोजत नाही आणि डबीवरचा फिल्मचा वेग, म्हणजे आयएसओचा आकडा (मोठा आकडा म्हणजे कमी उजेडातही चालणारी फिल्म), वाचत नाही. म्हणून उजेडाचा हिशेब रोल विकत घेतानाच करावा लागतो. एफ/११ आणि १/१२५ धरून हिशेब असा बसतो. कडक उन्हात, सावल्यांच्या कडा धारदार असताना, आयएसओ १०० फिल्मवर एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त प्रकाश पडतो, २०० वर दोन आणि ४०० वर तीन. हलक्या धुरकट उन्हात १०० नेमकी बसते. सावल्या दिसेनाशा होतील इतकं ढगाळ असेल, किंवा इमारतीच्या सावलीत पण मोकळ्या आकाशाखाली उभे असाल, तर ४०० नेमकी बसते.

कलर निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश खूप सहन करते, कमी प्रकाश फार सहन करत नाही. दोन स्टॉप जास्त झाले तर फोटो चांगलाच येतो, तीन झाले तरी निभतो. एक स्टॉप कमी झाला की सावल्यांमध्ये चिखल दिसायला लागतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा वेगवान फिल्म घ्या. ऑक्टोबर ते मे या काळात दिवसा बाहेर फिरायचं असेल तर कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २०० पुरते. पावसाळ्यात, जंगलात किंवा दिवस मावळतीला ४०० हवीच. कृष्णधवलसाठी इलफर्डची एक्सपी२ सुपर या कॅमेऱ्यांना फार शोभते. ती सी-४१ रसायनांत, म्हणजे कलर रोलसारखीच धुतली जाते आणि एकाच रोलवर ऊन-सावली दोन्ही पेलते. स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचं चित्र देणारी) घालू नका. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही सहन होत नाही.

रोल भरणं

सावलीत उभे राहा. रिवाइंडची घुंडी वर ओढून फिल्मची डबी डाव्या खोलीत बसवा आणि घुंडी परत खाली दाबा. फिल्मची जीभ उजवीकडच्या गुंडाळणाऱ्या दांड्यापर्यंत ओढा, त्याच्या खाचेत सरकवा आणि बाहेरून अंगठ्यानं फिरवायच्या चाकानं थोडी पुढे घ्या. दार लावण्याआधी दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. दातेरी चाकाचे दात फिल्मच्या भोकांत बसलेत का, आणि फिल्म पट्ट्यांवर सपाट बसलीय का. पट्टी सुटी बसवलेली असेल तर तिची एखादी कड वर उचललेली असू शकते. तीच कड पुढे प्रत्येक फ्रेमवर ओरखडा पाडते.

दार लावून दोन-तीन वेळा चाक फिरवून बटण दाबा, आकडा १ वर येईपर्यंत. मग रिवाइंडची घुंडी हलक्या हातानं बाणाच्या दिशेला फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. अडल्यासारखी झाली की थांबा. यानंतर चाक फिरवताना ही घुंडी आपोआप उलट फिरली पाहिजे. ती जागची हलत नसेल तर फिल्म खाचेतून निसटली आहे. आकडा मात्र काही मॉडेलमध्ये तरीही पुढे सरकत राहतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. सगळा रोल ‘काढून’ शेवटी कोरी फिल्म धुवून यायचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पहिल्या रोलच्या वेळी दाराच्या चारही सांध्यांवर काळी इलेक्ट्रिक टेप लावा. फोटोंवर तिरका केशरी पट्टा आला तर दारातून उजेड शिरतोय, हे कळायला दुसरा रोल वाया घालवावा लागू नये. तीच टेप काढून एखाद्या रोलनंतर चाचणी घेता येते.

फोटो काढताना

अंतराचा एक सोपा हिशेब पाठ करून ठेवा. तुम्ही जितक्या मीटरवर उभे आहात त्याच्या सव्वापटीहून किंचित जास्त रुंदी फ्रेममध्ये मावते आणि उंची मावते ती अंतराच्या निम्म्याहून थोडी कमी. ३ मीटरवरून जवळपास ४ मीटर रुंदी मिळेल, पण उंची फक्त १.४ मीटर. म्हणजे माणसं गुडघ्यापाशी कापली जाणार. ५ मीटरवर गेलात की रुंदी ६.४ आणि उंची २.३ मीटर, एका रांगेत उभी दहा माणसं पायांसकट बसतात. एसटीची लाल बस आडवी पूर्ण घ्यायची तर १० मीटर मागे या. १२.९ मीटर रुंदी मिळते आणि बसच्या टपावर थोडं आकाशही उरतं.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, लेन्सपासून काही सेंटिमीटर दूर असतो. नेहमीच्या फ्रेममध्ये हा फरक खपून जातो, इथे नाही. दीड मीटरवर पूर्ण फ्रेमची उंचीच ७० सेंटिमीटर आहे. त्यात ४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे कपाळ गेलंच. जवळच्या माणसाच्या डोक्यावर नेहमीपेक्षा दुप्पट जागा सोडा.

आता क्षितिज. कॅमेरा फक्त २ अंश तिरका झाला, तर ३६ मि.मी. रुंदीत क्षितिजाची एक बाजू दुसरीपेक्षा सव्वा मि.मी. वर जाते. उरलेली उंचीच १३ मि.मी. असल्यामुळे हा तिरपेपणा फ्रेमच्या दहाव्या भागाएवढा होतो आणि बघणाऱ्याला चटकन खटकतो. नंतर तो सरळ करायला गेलात तर वर-खाली आणखी कापावं लागतं, आधीच चिंचोळा असलेला फोटो रिबिनीसारखा होतो. उपाय असा: दोन्ही कोपरे छातीला टेकवा, व्ह्यूफाइंडरची खालची कड एखाद्या आडव्या रेषेला जुळवा आणि बटण झटक्यात न दाबता हळूहळू दाबत न्या. कॅमेरा हलका आणि बटणाचा प्रवास लांब, त्यामुळे तर्जनीच्या जोरानं उजवी बाजू खाली जाते. उजवा अंगठा कॅमेऱ्याखाली ठेवला तर ती जात नाही.

क्षितिज शक्यतो मधोमध ठेवा. एक-दोन भिंगांची प्लास्टिक लेन्स कडेकडेला सरळ रेषा वाकवते. फ्रेमच्या मधून जाणारी रेषा सरळ राहते. डाव्या-उजव्या टोकांना प्रतिमा मऊ होते आणि थोडी काळवंडते, म्हणून महत्त्वाचा चेहरा टोकाला नको.

कोणतं दृश्य या चौकटीत बसतं? लांबच लांब डोंगररांग डोळ्यांना भव्य दिसते, पण २८ मि.मी.ला ती फोटोत एक पातळ निळी रेघ होऊन जाते. रांगेच्या पुढे, ३-४ मीटरवर, एखादं झुडूप, दगड किंवा माणूस एका बाजूला असेल तरच डोंगराला अंतर मिळतं. या चौकटीला खरी साजते ती रांग. भातलावणीचं खाचर घ्या. बांधावर उभं राहून ५-६ मीटरवर वाकलेल्या बायकांची रांग, डोक्यावर इरली, पायाखाली पाण्यात त्यांचीच प्रतिबिंबं. वर-खाली काहीच फुकट जात नाही, आणि पावसाळ्यातलं पांढरं रिकामं आकाश पट्टीनं आपोआप कापलं जातं. अशा वेळी ४०० ची फिल्म घाला. ढग दाट असतील आणि पाऊस भुरभुरत असेल तर तीही एक स्टॉप कमी पडते. मग तो पूर्ण रोल तशाच उजेडात संपवा आणि लॅबला ‘एक स्टॉप पुश’ करायला, म्हणजे कमी पडलेला प्रकाश भरून काढायला रोल जास्त वेळ धुवायला, सांगा. अर्धा रोल उन्हात काढलेला असेल तर पुश सांगू नका.

कॅमेरा उभा धरूनही बघा. देवळापुढची दीपमाळ, विहिरीच्या पायऱ्या, वाड्याचा जिना यांना उभी फट छान बसते. कॅमेरा वर न झुकवता तुमच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा वर किती मावेल? अंतराच्या साधारण ०.६४ पट. १० मीटरवरून ६.४ मीटर, त्यात डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवली की झाले जवळपास ८. म्हणजे ८ मीटर उंच दीपमाळेचं टोक तिथून अगदी कडेला टेकतं. १२ मीटर मागे गेलात तर डोकं मोकळं राहतं. जागा नसेल आणि कॅमेरा वर झुकवावाच लागला, तर दीपमाळ मागे कलल्यासारखी दिसेल.

फ्लॅश असलाच तर त्याच्याकडून दोन-अडीच मीटरपलीकडे काही मागू नका.

रोल संपल्यावर

चाक अडलं की थांबा. ३६ च्या आधी अडलं तरी जोर लावायचा नाही. भोकं फाटली की फिल्म पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तळाचं छोटं बटण दाबून घुंडी बाणाच्या दिशेनं फिरवा. एका क्षणी हाताला एकदम हलकं लागेल, त्यानंतर आणखी दोन-तीन फेरे द्या. फिल्म अडकून बसली तर दार उघडू नका. कॅमेरा तसाच काळ्या पिशवीतून लॅबला न्या आणि अंधारात काढायला सांगा.

लॅबला काय सांगायचं

चांगले काढलेले रोल सर्वांत जास्त इथे बिघडतात. पट्टीखालची फिल्म कोरी राहते, म्हणून फोटोत वर-खाली काळे पट्टे येतात. स्कॅनर ते काळे पट्टे दृश्याचाच भाग समजतो, फोटो फार अंधारा आहे असं मानतो आणि सगळा उजळ करून टाकतो. ढग पांढरेफटक होतात, चेहरे फिके पडतात. दोष फिल्मचा नसतो. रोल देतानाच सांगा, आणि कागदावर लिहून द्या: ‘पॅनोरमा रोल आहे. ऑटो करेक्शन बंद ठेवा किंवा आधी काळे पट्टे कापून मग रंग लावा.’

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. लॅबचा छोटा स्कॅन ४ × ६ च्या प्रिंटसाठी असतो आणि त्याची रुंदी साधारण १,८०० पिक्सेल भरते. १० इंची प्रिंटला ३०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) ३,००० पिक्सेल लागतात. २४०० डीपीआयला ३६ मि.मी.चे सुमारे ३,४०० पिक्सेल मिळतात, तेवढं पुरे. त्याहून जास्त मागितलं तर प्लास्टिक लेन्सचा मऊपणाच मोठा होऊन येतो. घरी डिजिटल कॅमेऱ्यानं लाइटबॉक्सवर निगेटिव्हचा फोटो घेत असाल, तर वर-खालच्या कोऱ्या फिल्मवर काळा कागद ठेवा. तिथून येणारा झगझगीत उजेड लेन्समध्ये पसरून फोटोचा कॉन्ट्रास्ट मारतो.

प्रिंटसाठी खास पॅनोरमा कागद शोधत बसू नका. १३ × ३६ चं प्रमाण १० इंच लांबीला ३.६ इंच उंची देतं. म्हणजे ८ × १० च्या एका प्रिंटवर दोन पॅनोरमा एकाखाली एक बसतात आणि मध्ये कापायला जागा उरते. दोन्ही एका फाइलमध्ये मांडून द्या, प्रिंट आली की स्टीलच्या पट्टीनं आणि कटरनं कापा. कात्रीनं १० इंचांची रेघ सरळ येत नाही.

पट्टी काढणं आणि नवी बनवणं

अगदी साध्या मॉडेलमध्ये पट्ट्यांची चौकट नुसती अडकवलेली असते. रोल नसताना नखानं किंवा टूथपिकनं एका कोपऱ्यातून उचलली की निघते, आणि हातात २८ मि.मी.चा पूर्ण फ्रेमचा कॅमेरा येतो. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, फिल्म ज्या कडांवर सरकते त्यांवर ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक रोलवर उमटतो. पहिले दोन रोल पट्टी लावूनच काढावेत, नजर तयार होते. त्यानंतर पट्टी काढून व्ह्यूफाइंडरच्या काचेवर मार्करनं दोन रेघा मारल्या तरी चालतं. पूर्ण फ्रेम हाती असली की नंतर पॅनोरमाची फट थोडी वर-खाली सरकवता येते.

उलट, कोणत्याही साध्या फोकस-फ्री प्लास्टिक कॅमेऱ्याला पट्टी बसवताही येते. पातळ काळ्या कार्डपेपरच्या ३६ × ५.५ मि.मी.च्या दोन पट्ट्या कापा. कापलेल्या कडेला कागदाचा पांढरा तंतू दिसतो. तो काळ्या मार्करनं रंगवा, नाहीतर उजेड उसळतो. फ्रेमच्या आतल्या भिंतीला, लेन्सच्या बाजूनं, त्या टेपनं चिकटवा. फिल्म जिथे टेकते त्या कडांवर कागद किंवा टेप अजिबात येता कामा नये. हे फक्त लेन्सपाशी शटर असलेल्या कॅमेऱ्यात करायचं. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच आरशातून बघायच्या कॅमेऱ्यात) शटरचा पडदा फिल्मच्या अगदी पुढेच असतो, तिथे कागद सुटला तर पडदा फाटतो.

फ्रेमच रुंद असणारा प्लास्टिक कॅमेरा

लोमोग्राफीचा स्प्रॉकेट रॉकेट (२०१०) याच प्लास्टिक कुळातला, पण तो फिल्मवर खरोखर ७२ मि.मी. रुंद फ्रेम घेतो, कडेच्या भोकांसकट. लेन्स ३० मि.मी., ॲपर्चर एफ/१०.८ आणि एफ/१६, शटर १/१०० आणि बी (बटण दाबून ठेवाल तोवर उघडं). ३६ च्या रोलवर साधारण १८ फोटो निघतात. फोकसचे दोनच टप्पे आहेत: १ मीटरच्या आतला आणि १ मीटरपासून अनंतापर्यंतचा. पहिल्यावर राहून गेला तर डोंगर धूसर येतात, म्हणून प्रत्येक फोटोआधी बोटानं तपासा.

इथे फिल्म आणि शटर एकमेकांना जोडलेले नाहीत. खिडकीत पांढरा ठिपका येईपर्यंत फिल्म फिरवावी लागते. विसरलात तर एकावर एक फोटो येतात, अर्धवट फिरवलीत तर शेजारच्या फ्रेम एकमेकांत शिरतात. फोटो काढला की लगेच फिरवायचं, हीच सवय ठेवा.

लॅबला द्यायच्या सूचना मात्र वेगळ्या. नेहमीच्या यंत्रावर निगेटिव्ह ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापतात. इथे तो काप फोटोच्या मधोमध येतो. ‘फक्त धुवा, कापू नका’ असं सांगून अख्खी फिल्म गुंडाळीत परत घ्या. ३५ मि.मी.च्या होल्डरमध्ये भोकांचा भाग झाकला जातो, त्यामुळे फ्लॅटबेड स्कॅनरवर १२० या रुंद फिल्मचा होल्डर वापरा. फिल्म थेट काचेवर ठेवली तर इंद्रधनुषी वलयं येतात. कडेला कार्डपेपरच्या पातळ पट्ट्या ठेवून ती केसभर उचलली की जातात.

लेन्स पुसताना स्पिरिट, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर जवळ आणू नका. प्लास्टिकवर बारीक तडे जाऊन ती कायमची धुरकट होते. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग मऊ सुती कापड पाण्यानं जेमतेम ओलं करून फिरवा. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आत भरलेला रोल महिनाभराच्या आत संपवा आणि धुवायला टाका.